आमच्यात क्ष मानत नाहीत

भुताच्या गोष्टी सांगणारे लोक आधी आवाज खाली आणतात, मग दिवा बारीक करतात. मला यातलं काही लागत नाही. मला खडू लागतो. माझ्या अंगावर खरा काटा आला तो भर दुपारी, फळ्यासमोर, एकचल समीकरण सुटताना. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. मीही हसतच सांगते.

दोन हजार अठराचा पावसाळा सरत आला होता. शाळेतली नोकरी सोडून मी डहाणूला घरीच गणिताच्या शिकवण्या घेत असे. एका दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. तिशीच्या आतबाहेरची, काखेत छत्री. चिखलाने भरलेल्या चपला तिने पायरीवर अशा जोडून ठेवल्या की हिच्या हाताखालून रोज पाचपन्नास लहान चपला जात असणार, हे मी तिथेच ओळखलं.

"बाई, तुम्ही गणितात ढ असलेल्यांना पास करता असं ऐकलं."

"कुणी सांगितलं?"

"पास झालेल्या ढ पोरीनं."

अशा माणसाला नाही म्हणायची माझी टाप नाही. मी तिला आत घेतलं, चहा टाकला.

ती तलासरीच्या अंगाला, डोंगराकडच्या एका पाड्यावर अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवायची, खोली झाडायची, घराघरांतून मुलं गोळा करून आणायची. शिकवायचं काम सेविकेचं, आणि ती सेविका येत्या उन्हाळ्यानंतर निवृत्त होणार होती. मदतनीस दहावी पास असेल तर ती जागा तिला मिळायची आशा होती. नसेल तर बाहेरून कोणी येणार.

"बाहेरची बसनं येणार नि बसनं जाणार," ती म्हणाली. "आमची लेकरं घरी वेगळं बोलतात. पाणी मागतात ते पण तिला कळायचं नाय. मग लेकरू गप बसतं. एकदा गप बसलं की पुढं शाळेत पण गपच."

स्वतः ती नववीनंतर लग्न होऊन गप बसली होती. आता तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावी. बाकीचे विषय जमतील असं तिला वाटत होतं. "गणिताचं काय?" म्हटलं तर म्हणाली, "नववीपर्यंत ते माझ्या बाजूच्या बाकावर बसायचं. ओळख नाय झाली."

ठरलं असं की दर रविवारी मीच जायचं, भाडं तिने द्यायचं. शेअर रिक्षा, मग चढावाची पायवाट, मग भाताच्या खाचरांच्या वर अंगणवाडीची एक खोली. भिंतींवर गाजर, ससा, सूर्य. वर्गात विद्यार्थिनी दोन. एक ही मदतनीस. दुसरी तिची चुलत जाऊ, वयाने थोडी मोठी, अंगाने बरीच मोठी. तिनेही फॉर्म भरला होता. कारण विचारलं तर म्हणाली, "हिला एकटीला शहाणी होऊ द्यायची नाय."

आता मुद्द्यावर येते. पुस्तकात हल्ली इंग्रजी एक्स छापतात. मला एक्स आवडत नाही. एक्स म्हणजे मास्तरांनी मारलेली फुली. मी जुन्या वळणाची, मला क्ष लागतो. क्ष कसा, पाठीत वाकून, पाय पोटाशी घेऊन, कोपऱ्यात दबा धरून बसल्यासारखा दिसतो. अज्ञात संख्या अशीच दिसायला हवी. दहावीला दोन चलांची समीकरणं असतात, पण आधी एक तरी हाताला लागला पाहिजे. म्हणून मी अगदी मुळापासून सुरुवात केली. फळ्यावर लिहिलं: आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. दोघींच्या वयांची बेरीज ४८. तर मुलीचं वय किती?

आणि वळून, आयुष्यभर जे वाक्य म्हणत आले ते म्हणाले, "मुलीचं वय क्ष मानू."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग मदतनीस जरा अवघडून म्हणाली, "बाई, आमच्यात क्ष मानत नाय."

मग डोक्यात प्रकाश पडला. त्या पाड्यावर मानणं हे काही तोंडाने म्हणायचं काम नव्हतं. वाघोबाला मानतात, धान्याच्या देवीला, कणसरीला मानतात, गावदेवीला मानतात. ज्याला मानलं त्याचा दिवस पाळायचा, त्याचा नारळ द्यायचा, त्याच्या वाटेत झोपायचं नाही. आणि मी पहिल्याच दिवशी येऊन, चहासुद्धा न घेता, एक नवीन मानायला सांगत होते.

"तुमच्या डहाणूत मानतात काय?" जावेने विचारलं.

माझ्यासमोर दोन रस्ते होते. 'मानू' म्हणजे 'समजू', असं सांगून पुढे जायचं, हा पहिला. तो शिक्षकाचा रस्ता. दुसरा माझा.

"मानतात तर," मी खडू खाली ठेवला. "सगळ्या जगात मानतात. तो दिसत नाही, पण असतो. त्याला चल म्हणतात. बाकीचे आकडे आपापल्या जागी स्थिर, हा एकटाच चल. चल म्हणजे हलणारा. आज आठ असेल, उद्या ऐंशी. त्याचं नाव-गाव काढून घ्यायचं असेल तर एकच उपाय. त्याला डाव्या बाजूला एकटं गाठायचं."

"एकटं?" मदतनीस पुढे सरकली.

"त्याच्याभोवती माणसं असतात. पाच मिळवलेले, सात वजा केलेले, तिनाने गुणलेले. एकेकाला पलीकडे पाठवायचं. पलीकडे जाताना प्रत्येकाचं रूप उलटं होतं. अधिकाचा उणा होतो, गुणणारा भागायला लागतो. सगळे गेले, तो एकटा उरला, की मग त्याला बोलावंच लागतं, मी कोण ते."

"बाजू बदलली की चिन्ह बदललं," जाऊ म्हणाली. "म्हंजे लगीन."

पुढचा तास आम्ही हसत होतो. पण शिकल्या! वर्षानुवर्षं इंग्रजी शाळेतल्या मुलांच्या डोक्यात जे गेलं नाही, ते या दोघींच्या डोक्यात तीन-चार रविवारांत गेलं. मदतनीस खडू हातात घेतला की डोळे बारीक करायची. मांजर उंदराच्या बिळाशी बसतं तशी समीकरणापुढे बसायची. एकेक आकडा पलीकडे पाठवताना हळू आवाजात त्याला "जा" म्हणायची.

मी डहाणूला परतताना रिक्षात स्वतःवर इतकी खूश असे की समोरच्या प्रवाशांना वाटत असणार, या बाईला लॉटरी लागली.

दिवाळी होऊन गेली. भात कापून झाला होता. तो रविवार अगदी साधा होता, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. वारा नव्हता. खोलीत माठ होता, माठावर स्टीलची ताटली, ताटलीवर पेला. मदतनीस फळ्यापाशी उभी होती. मोठं समीकरण होतं, कंसवालं. तिने कंस सोडवला, "जा, जा" करत सगळे पलीकडे पाठवले, आणि शेवटी लिहिलं:

क्ष = ८

आठाचं खालचं टोक पुरं झालं, आणि खालून आवाज आला.

खालून म्हणते, कारण तो दुसरीकडून कुठूनही आला नाही. आधी गुडगुड, जमिनीच्या पोटात कोणी मोठा रांजण लोटत नेत असल्यासारखी. मग एकच धाड. डंपरने दगड ओतावेत तशी, पण डंपर फरशीच्या खाली. पेला ताटलीवर टिणटिणला. फळ्याखालचा खडू घरंगळत टोकाशी गेला आणि पडला. मग सगळं पूर्वीसारखं. भिंतीवरचा ससा गाजर खात होता.

आम्ही पळालो नाही. पळायचं असतं हे तेव्हा माहीतच नव्हतं. आम्ही तिघीही फळ्याकडे पाहत होतो.

मग मदतनीसने अगदी सावकाश हात वर नेला आणि तळव्याने आठ पुसला. नुसता आठ. क्ष आणि बरोबरचं चिन्ह तसंच राहिलं.

"बाई," जाऊ म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "तुम्हीच म्हणाल्या होत्या, तो हलतो."

त्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जमीन हलायला लागली ती लागलीच. त्याबद्दल वर्तमानपत्रांत भरपूर येऊन गेलंय. यंत्रं घेऊन माणसं आली, अभ्यास चालू आहे म्हणाली. पाड्यावर सरकारी तंबू आले. घरं उभी होती, पण भिंतींना चिरा गेल्या होत्या, आणि छपराखाली झोपायला कोणी धजत नव्हतं. थंडीत सगळा पाडा तंबूत आणि झाडांखाली निजायचा. पहिला धक्का नेमका आमच्याच फळ्यावरून निघाला असं मी म्हणत नाही. पण आम्हाला जाणवलेला पहिला तोच, आणि तो फळ्यावरून निघाला ही बातमी मी घरी पोचायच्या आधीच पाड्याभर झाली होती.

पुढच्या रविवारी वर्ग आंब्याखाली भरला. फळा खोडाला टेकवला. मी जमिनीखालच्या खडकांबद्दल एक सुरेख भाषण दिलं, हातवारे करून, दोन पाट्या एकमेकींवर घासून. दोघींनी मान डोलवली. मग मदतनीस उदाहरण सोडवायला उभी राहिली. कंस सुटला, पक्षांतर झालं, एकही चूक नाही. ६क्ष = ४२ इथवर आली. खडू ठेवला आणि जाऊन बसली.

"अगं, पुढे?"

"पुढं नको."

जाऊ उठली. तिने दुसरं सोडवलं. ५क्ष = ४५. खडू ठेवला, बसली.

तुम्ही कधी अशी गणितं भरलेला फळा पाहिलाय का, ज्यातलं प्रत्येक शेवटच्या पायरीवर थांबलंय? सगळी दारं नुसती लोटलेली, एकही उघडलेलं नाही. आंब्याखालून मी त्या फळ्याकडे पाहिलं आणि माझी मान गार पडली. खोटं कशाला सांगू.

"त्याचा काही संबंध नाही," मी म्हणाले. "कोणी गणित सोडवत नसतं तेव्हाही धक्के बसतातच की!"

"कुठंतरी कोणतरी सोडवत असंल," जाऊ म्हणाली. "डहाणूत तुमच्याकडं पोरं येत नायत?"

येत होती. आणि रोज सोडवत होती.

मदतनीस मात्र माझ्याजवळ येऊन बसली. "बाई, एवढ्यावर मार्क किती देतात?"

"अर्धेमुर्धे."

"मग तेवढे पुरे."

"तेवढ्यावर पास होत नाही गं. तूच सांग, जागा हवी ना तुला?"

तिने अंगणवाडीच्या भिंतीकडे बोट केलं. कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत चीर गेली होती. "आत लेकरं असताना मी त्याला बोलता केला नि भिंत आली तर? लेकरांसाठीच सेविका व्हायचंय ना मला?"

घरी येऊन मी नवऱ्याला हे रंगवून सांगितलं. तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "तू नाटकं करतेस, लोक विश्वास ठेवतात. यात नवीन काय?" मी फणकाऱ्याने जेवणाच्या टेबलाशी बसले आणि पुढच्या वर्गासाठी उदाहरणं तयार करू लागले. उत्तरं सुटसुटीत यायला हवीत, म्हणून मी ती आधी सोडवून पाहते. दुपारची वेळ. ४क्ष = ३६ झालं. 'क्ष बरोबर' लिहिलं, पुढे नऊ लिहिला. आणि कपाटातल्या बश्या किणकिणल्या.

"ट्रक गेला," नवरा म्हणाला.

"मागे चिकूची वाडी आहे. वाडीत ट्रक कुठून येणार?"

त्याने पेपर खाली केला. पुढचं उदाहरण मी शेवटच्या पायरीपर्यंत आणलं, आणि पेन उचलून ठेवलं. स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसले. परत आले तरी ते उदाहरण तसंच होतं, उघडं, वाट पाहत. मी गणिताची पदवीधर. मी ते दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरं केलं नाही.

जानेवारीत एका रविवारी मी पोचले तर आंब्याखाली मदतनीसचा सासरा बसलेला. तो पाड्याचा भगत. उंच, हाडकुळा, गळ्याभोवती मफलर, हातात न पेटवलेली विडी. लोक आजारी पडले की तो सुपात तांदळाचे दाणे टाकून पाहायचा, कोणाच्या अंगात वारं आलं की त्याच्याशी बोलायचा. मागे तंबूंच्या तोंडाशी बरीच मंडळी उगीच काहीतरी निवडत, विणत बसली होती. कोणी आमच्याकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळे ऐकत होते.

"या मास्तरीनबाय," तो म्हणाला. "तुमच्या क्षचं विचारायचं होतं."

"विचारा बाबा."

"त्याचं ठाणं कुठं?"

"ठाणं नाही. जिथे मांडावा तिथे."

"खातो काय?"

"काही नाही."

"कोंबडा नाय? नारळ नाय?"

"काहीच नाही."

"बिचारा," जाऊ पुटपुटली.

"तू गप," म्हातारा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "खात नाय, घेत नाय. बरं. मी पण बोलावतो बाय. वारं अंगात आलं की मी पण बाकीच्यांना बाजूला सारतो, त्याला एकटा धरतो, विचारतो, कोण तू, कुठला तू. बोलतो तो. माझी सून सांगते तुम्ही पण असंच करता."

"साधारण असंच," मी म्हणाले. माझ्या शब्दांनी माझाच गळा धरला होता.

"मग तो बोलल्यावर काय करता?"

"काय करणार? उत्तर आलं. पुढचं उदाहरण."

त्याने विडी कानामागे खोचली. त्याला राग आला होता, खरा राग, दुसऱ्याच्या निष्काळजी कामाचा येतो तसा. "त्याला तसाच टाकता? माणसांतून वेगळा काढला, नाव घेतलं, नि मोकळा सोडला? मी असं केलं तर घरात एक माणूस उरंल काय? परत घालायला नको त्याला, आला तिथं?"

तंबूंपाशी निवडणं थांबलं होतं.

मी तोंड उघडलं ते वाद घालायला. बंद केलं. कारण परत घालणं असतं. प्रत्येक पुस्तकात असतं, आणि प्रत्येक शिक्षक ते गाळतो, कारण विचारलं नसेल तर परीक्षेत त्याला गुण नाहीत.

"ताळा!" मी इतक्या जोरात ओरडले की एक कुत्रं उठून उभं राहिलं. "बाबा, परत घालतात! त्याला ताळा म्हणतात. यांना मी अजून शिकवलाच नव्हता."

"का?"

"वेळ वाचवायला."

त्याने सुनेकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही. माझ्यासारख्या माणसाला एवढी भाडी घालून का बोलावते, असं काहीतरी त्यात होतं.

मी फळ्यावर लिहिलं: टोपलीत काही चिकू होते. ते दुप्पट केले, वर पाच टाकले, तर सत्तावीस झाले. सुरुवातीला किती होते? आणि खडू मदतनीसपुढे धरला.

तिने सासऱ्याकडे पाहिलं. तो फळ्याकडे बघत होता. मग तिने मागच्या सगळ्या मंडळींना हाताने खूण केली. एक म्हातारी भिंतीच्या सावलीत बसली होती, ती उठून मोकळ्यावर आली. सगळे आकाशाखाली आहेत हे पाहूनच मदतनीसने खडू घेतला.

२क्ष + ५ = २७

"जा," ती पाचाला म्हणाली. २क्ष = २२. इथे ती नेहमीप्रमाणे थांबली. थांबली ती बराच वेळ. आंब्याचं पान हललं तरी सगळ्यांच्या माना वळत होत्या. मी गोष्टी सांगणारी बाई, शांतता लांबवण्यात माझा हातखंडा, पण ती शांतता मी ताणलेली नव्हती, आणि मला ती मुळीच आवडली नाही.

क्ष = ११

काही झालं नाही.

"थांबू नको," मी कुजबुजले. "आता याला उचल आणि पहिल्या ओळीत त्याच्या जागेवर ठेव."

तिने लिहिलं. दोन गुणिले अकरा, अधिक पाच. बावीस अधिक पाच. सत्तावीस. पलीकडेही सत्तावीस.

"दोन्ही बाजू सारख्या," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, तंबूंकडे वळून, "सारख्या झाल्या."

आणि खालून आवाज आला. गुडगुड, मग धाड, मग ती गुडगुड लांब लांब जात राहिली, डोंगराकडे, रांजण दूर लोटत नेल्यासारखी. फळा खोडावरून घसरला. कोणीतरी किंचाळलं. मी जावेचा दंड इतका घट्ट धरला होता की तिने नंतर वळ दाखवला.

म्हातारा जागचा हलला नव्हता. कान एका बाजूला करून तो ऐकत होता, शेवटचं पान सळसळेपर्यंत. मग त्याने कानामागची विडी काढली, पेटवली आणि म्हणाला:

"गेला."

एवढंच. पण पाड्यावर तेवढं पुरलं. त्या दिवसापासून दोघी शेवटची ओळ लिहू लागल्या. अट एकच, ताळा घेतल्याशिवाय उठायचं नाही. धक्के थांबले नाहीत, पण त्याचा दोष आता आमच्या वर्गाकडे येत नसे. धक्का बसला की जाऊ डहाणूच्या दिशेने बघून म्हणायची, "कोणतरी ताळा विसरलं."

मला आनंद झाला आणि चिंताही लागली. ताळ्याला वेळ जातो. मी मदतनीसला घड्याळ लावून सोडवायला बसवत असे. ती हळूहळू वेगात आली, पण ताळा गाळायला तयार होईना. मी विनवलं, रागावले, रडायचं नाटकसुद्धा केलं. "बाई, छान करता," ती म्हणाली, आणि ताळा घेत राहिली.

मार्चमध्ये गणिताचा पेपर. परीक्षेचं केंद्र होतं ती इमारत दुमजली. मी फाटकाबाहेर उसाच्या गाड्यापाशी उभी राहिले. घंटा झाली, मुलं लोंढ्याने बाहेर आली. जाऊ आली ती हसत. "सगळं लिवलं. चूक का बरोबर ते देवाला." मदतनीस सगळ्यांच्या मागून आली.

"कसा गेला?"

"गेला बरा. शेवटचं एक राहिलं."

"आलं नाही?"

"आलं ना. वयाचं होतं. शेवटच्या ओळीपर्यंत आलं. मग वर्गावरच्या बाईंनी सांगितलं, दोन मिनटं उरली." तिने माझ्या हातातला रस घेतला, पण प्यायली नाही. "दोन मिनटांत ओळ झाली असती. ताळा नसता झाला."

"मग?"

"नाय लिहिली."

माझा तोल गेला. भर रस्त्यात मी तिला वाट्टेल ते बोलले. त्या ओळीचे गुण, ती जागा, ती बसने येणारी-जाणारी बाई, सगळं तिच्यापुढे आपटलं. एका ओळीने नापास झालीस तर? उसाचा गाडेवालासुद्धा चरक थांबवून ऐकत होता.

तिने माझं होऊ दिलं. मग मागे वळून त्या इमारतीकडे पाहिलं. अजून मुलं जिन्यावरून उतरत होती.

"खाली पण वर्ग होते बाई," ती म्हणाली. "वर पण होते."

निकाल लागेपर्यंत मी नीट जेवले नाही, असं माझा नवरा सांगतो. जूनच्या त्या दुपारी तिचा फोन आला. आधी नुसता गलका, लेकरांचा, बायकांचा, मागे जाऊ मोठ्याने कोणालातरी सांगत होती की हिला एकूण माझ्यापेक्षा दोनच जास्त. मग तिचा आवाज.

"बाई, पास."

"गणित?"

"काठावर. पण आतल्या काठावर."

मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. जागेचा अर्ज ती दुसऱ्याच दिवशी देणार होती. आम्ही दोघी थोडं हसलो, थोडं नाक ओढलं. फोन ठेवायची वेळ आली तेव्हा ती घुटमळली.

"बाई, एक विचारू? तो शेवटचा. मी अर्धा ठेवला तो. पेपर तपासणाऱ्यांनी सोडवला असंल?"

"सोडवला असेल. त्यांना उत्तर काढावंच लागतं."

"मग ताळा घेतला असंल ना त्यांनी?"

मी पेपर तपासलेत. गठ्ठ्यावर गठ्ठे तपासलेत, लाल पेन घेऊन, घाईघाईने. मला चांगलं ठाऊक आहे कोण काय घेतं आणि काय घेत नाही.

"घेतात," मी म्हणाले. "सगळे घेतात."

"मग बरं," ती म्हणाली, आणि मला तिचा सुटलेला श्वास ऐकू आला.